अंजनवेलला वाचलेलं पत्र

कऱ्हाडहून निघताना बायको म्हणाली होती, सुट्टीत तरी ती वही घरी ठेवा. ऐकतो कोण! वहीत इंग्रजीतला 'गो' होता. एवढंसं क्रियापद, पण त्याचे उपयोग लिहिता लिहिता माझी चाळीस पानं भरली होती. दहावीच्या पोरांसाठी त्याचं पुस्तक काढायचं माझ्या डोक्यात होतं. २००२ चा मे महिना होता तो.

दाभोळला खाडी ओलांडायला तर (प्रवासी होडी) उभी होती, पण माणसं भरल्याशिवाय नावाडी हलेना. तासभर उन्हात चरफडत बसलो. पलीकडे उतरून सड्यावरून (जांभ्या दगडाच्या माळावरून) गोपाळगड बघायला अंजनवेलची वाट धरली. लांबवर वीजप्रकल्पाच्या चिमण्या दिसत होत्या, एकीतूनही धूर नव्हता. गोपाळगडाचा तट नजरेत आला आणि नेमका तेव्हाच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जांभा असा तापलेला की पाय टेकवेना. स्वतःलाच शिव्या घालत लंगडत खाली उतरलो आणि पहिलं घर दिसलं तिथे दाभण मागितलं.

घर हमीदाबींचं. वय साठीच्या आसपास. घरात त्या आणि त्यांची सून रेहाना, दोघीच. रेहानानं चप्पल घेतली आणि शिवायला बसली. हमीदाबींनी कोकमाचं सरबत आणि सांदणं (फणसाच्या रसातल्या वाफवलेल्या वड्या) पुढे ठेवली. वहीत काय लिहिता म्हणून विचारलं, तेव्हा मी इंग्रजीचा मास्तर असल्याचं जरा ऐटीतच सांगितलं. त्या उठल्या आणि बिस्किटांच्या डब्यातून एक पत्र घेऊन आल्या. त्यांचा इक्बाल बोटीवर नोकरीला होता. लग्नानंतर चार महिन्यांनी गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्या कंपनीचं पत्र होतं ते.

चारच ओळी. वादळात जहाज 'वेंट डाउन', एकही खलाशी जिवंत सापडला नाही. माझ्या वहीच्या बाविसाव्या पानावर हेच उदाहरण होतं, 'द शिप वेंट डाउन'. अठरा वर्षं मी ते पोरांकडून घोकून घेत होतो.

रेहानाचा हात थांबला होता. मी म्हणालो, जहाज जरा खाली गेलं म्हणतात, कंपनीनं शोध बराच घेतला. बोलताना माझी मलाच लाज वाटली.

हमीदाबींनी पत्राची घडी घातली.

"मास्तर, तुम्ही सातवे. एकानं वाचलं, बोट दुरुस्तीला गेली. एकानं वाचलं, दुसऱ्या बंदराला लागली. बातमी चांगली असती तर सातही जणांनी सारखीच वाचली असती."

त्या सांगत राहिल्या. रेहानाचा भाऊ सरळ सांगत होता, पण त्याला बहिणीचं दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून हमीदाबींनी त्याला उंबऱ्यावरून परत धाडलं. आणि सासूनं स्वतःच्या तोंडानं जा म्हटल्याशिवाय सून माहेरी जायला तयार नव्हती.

"तुमचा आमच्यात काही स्वार्थ नाही. ही तेवीस वर्षांची आहे. हिच्यासाठी नीट सांगा."

"बोट बुडाली, हमीदाबी. कुणीही जिवंत राहिलं नाही."

त्या सुनेकडे वळल्या. "रेहाना, इक्बाल नाही. भावाला फोन कर."

रेहानानं राहिलेले दोन टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि चप्पल माझ्या पायांपुढे ठेवली. मग ती आत गेली. निघताना सवयीनं मी "येतो" म्हणालो. हमीदाबींनी मान हलवली. गडावर गेलोच नाही.

जूनमध्ये दहावीच्या वर्गात बाविसावं पान आलं. 'द शिप वेंट डाउन.' अर्थ विचारला. पुढच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "जहाज खाली गेलं, सर." तिला बसवलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'बुडालं' लिहिलं. सगळा वर्ग एका सुरात ते म्हणू लागला. मी फळ्याकडेच तोंड करून उभा राहिलो.