भिंत बघून फ्रेम

भिवंडीत कल्याण नाक्याच्या पुढे एक गल्ली आहे. तिथे यंत्रमागांच्या खडखडाटात माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. त्या गल्लीत बाळाराम गायकवाडचं फ्रेमचं दुकान होतं. दुकान कसलं, आठ बाय दहाचा गाळा. पण तोरा असा, की गिऱ्हाईक चित्र घेऊन आलं की हा आधी विचारणार, "भिंत कुठाय?" गिऱ्हाईक गोंधळायचं. भिंत काय पिशवीत घालून आणायची असते? मग बाळाराम हाताचा डिंक पुसत म्हणायचा, "बरं, मग मीच येतो. भिंत बघितल्याशिवाय मी फ्रेम करत नाही." लोक मागे त्याला चक्रम म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

त्याआधी वीस वर्षं तो लूमवर जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचे, ही त्याची ड्युटी. विणून उतरणाऱ्या कापडात एक धागा तिरका गेला तरी याला लांबून दिसायचा. मालकाने माग भंगारात विकले तेव्हा बाकीच्यांनी गोदामाचा रस्ता धरला. बाळारामने फ्रेमचं काम शिकून घेतलं. माग गेले, पण नजर गेली नाही. भिंतीवर टांगलेलं चित्र सुतभर कललेलं असलं तरी कोणाकडे जेवायला गेलेला तो आधी ते सरळ करायचा, मग हात धुवायचा. बायको मीराबाई अशा वेळी दुसरीकडे बघायची.

२००६ साली जवळच्या वडपे गावच्या केसरीनाथ भोईरांनी त्याला बोलावलं. गोदामवाल्यांना जमीन देऊन केसरीनाथशेठने हायवेपासून आत बंगला बांधला होता. खाली संगमरवर, वर पीओपी, एक भिंत चकचकीत, दुसरी खरबरीत, जिन्याला काच. वास्तुशांतीला महिना उरला होता, पण शेठ बायको-मुलांसह आधीच राहायला आले होते.

"हॉलची भिंत दोनशे चाळीस स्क्वेअर फूट हाय," शेठ म्हणाले. "निम्मी भरून टाक. बेडरूममंधी थोडी कमी चालंल. आन् फ्रेमा सगल्या सोनेरी."

दोन वर्षं जमिनीचे व्यवहार करून शेठना सगळ्या जगाचं माप स्क्वेअर फुटातच सुचत होतं. बाळाराम हसला नाही आणि हो पण म्हणाला नाही. "चार दिवस घरात येऊ-जाऊ द्या," एवढंच बोलला.

त्या चार दिवसांत त्याने जे केलं ते बघून शेठची बायको विनिता आधी हबकली. हा माणूस सोफ्यावर बसला, जमिनीवर बसला, चक्क पलंगावर आडवा होऊन समोरची भिंत बघत राहिला. जुनी वर्तमानपत्रं चित्राच्या मापाची कापून त्याने भिंतींवर चिकटवली आणि बजावलं, "वहिनी, उद्यापर्यंत काढू नका. येता-जाता डोळ्यांना टोचतंय का ते बघा." लोडशेडिंग सुरू झालं की घरातले अंगणात जायचे, हा आत यायचा. भिवंडीत चार-पाच तास लाईट नसते, मग तेवढा वेळ चित्राने काय करायचं, असा त्याचा सवाल होता.

पण काम झालं तेव्हा विनितानेच शेजारणींना बोलावून दाखवलं. चकचकीत भिंतीवर त्याने काचेचं काहीच लावलं नाही. आधीच एवढी चमक, त्यात काच लावली की चित्राऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. तिथे जाड कापडावरचं झाडांचं चित्र आलं, साध्या काळ्या पट्टीत. खरबरीत भिंतीवर उलट गुळगुळीत, बारीक रेषांची चित्रं. जांभळ्या बेडरूममध्ये पांढरी रुंद किनार सोडून छोटी फुलं. स्वयंपाकघरात वाफ लागणार म्हणून कागद नाहीच, लाकडी पाटीवर रंगवलेली केळीची पानं. जिन्यावरच्या फ्रेमा पायऱ्यांबरोबर चढत गेलेल्या. सोनेरी पट्टी अख्ख्या घरात एकच, देवघरात. शेठ घरभर फिरून आले आणि स्क्वेअर फुटाचं नाव पुन्हा काढलं नाही. असा हा माणूस. भांडायचा नाही, पण आपलं म्हणणं भिंतीकडून वदवून घ्यायचा.

हॉलमधल्या मुख्य भिंतीवर शेठच्या वडिलांचा फोटो यायचा होता. वडील गेले तेव्हा केसरीनाथ दोन वर्षांचे. घरात फोटो नव्हता, आणि आई, म्हणजे आक्का, नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणून मुलानेही कधी विषय काढला नाही. मागच्या वर्षी वडिलांचे धाकटे भाऊ महादूकाका वारले. त्यांच्या पेटीत पोस्टकार्डाएवढा एक फोटो निघाला. खाडीचा बांध घालून झाल्यावर काढलेला, गुडघाभर चिखलात उभी वीसेक माणसं. मागे काकांच्याच हाताने लिहिलेलं, "मी आणि दादा." शेठनी काकांना ओळखलं. त्यांच्या शेजारी उंच, छाती काढून उभा राहिलेला माणूस म्हणजे दादा, म्हणजे आपला बाप, हे त्यांनी ठरवून टाकलं. आईला न सांगता, तिला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून, ते फोटो घेऊन थेट स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने तेवढा चेहरा मोठा केला आणि गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे कॉम्प्युटरवर त्याला कोट-टाय चढवला.

बाळारामने त्याला सागवानाची फ्रेम केली. चारही कोपरे असे जुळवले, की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. एवढी देखणी फ्रेम त्याच्या हातून पूर्वी झाली नव्हती. त्या भिंतीवर ती अशी शोभली, की तो स्वतःवरच खूश झाला.

आणि आक्का घरात यायला तयार होईनात.

एकदा त्यांना गाडीत घालून बंगला दाखवायला आणलं. हॉलमध्ये त्या फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि मागे फिरल्या. गावातल्या कौलारू घरात जाऊन बसल्या त्या बसल्याच. "गुडघं दुखतान, त्या फरशीवर पाय सरकतान," एवढंच म्हणायच्या. शेठनी आठ दिवस विनवण्या केल्या. आई नसेल तर वास्तुशांतीच करत नाही, असंही चिडून बोलले. आईने मान हलवली, बस.

बाळारामच्या मनात मात्र वेगळंच सलत होतं. आक्कांची खोली तयार होती आणि तिच्या भिंती रिकाम्या होत्या. सगळ्यांच्या जागी बसून बघितलं, त्या म्हातारीच्या जागी कोण बसलं? स्टुडिओतून परत आलेला मूळ फोटो त्याच्या खणातच होता. तो घेऊन तो आक्कांकडे गेला.

"आक्का, तुमच्या खोलीत हा लावू का? घरच्यांचा आहे."

आक्कांनी फोटो उन्हात धरला. मग कडेला उभ्या असलेल्या एका बुटक्या माणसावर त्यांचं बोट थांबलं. डोक्यावर चिखलाची पाटी, तोंडभर हसू. महादूकाकांच्या दुसऱ्या अंगाला तो उभा होता.

"ह्यो कुठं गावला रे तुला?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बाळारामला कळायला वेळ लागला. मग त्याने विचारलं, "मग हॉलमधले?"

"त्यो रघू मुकादम. सगल्यांना कामाला लावायचा. चांगला मानूस होता बिचारा. कोट त्याच्या नशिबी होता." आक्का रडता रडता जरा हसल्या. "केसरी रोज सकाली त्याच्या पाया पडतोय. त्याला काय सांगू, की तुला तुजा बापूस वलखला न्हाय? आन् मी त्या घरात रघूच्या हाराखाली बसून कशी जेवू? तू बोलू नको त्याला. मी हितंच बरी."

बाळारामने शब्द दिला. घरी जाताना त्याला स्वतःचा राग येत होता. मूळ फोटो आठ दिवस खणात होता, एकदा म्हातारीला दाखवायला काय झालं होतं? फ्रेम शोभली म्हणून हा खूश होऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो बंगल्यावर गेला आणि मोठा फोटो उतरवायला लागला.

"काय झालं?" शेठ धावत आले. हॉलमध्ये शेठचे चार पाहुणे बसले होते.

"सांधा सुटतोय, शेठ. लाकूड ओलं निघालं. माझी चूक."

पंचवीस वर्षांच्या कामात ही पहिली थाप त्याने मारली, आणि ती स्वतःच्या कामावरच. शेठनी पाहुण्यांदेखत त्याला झापलं. एवढं नाव ऐकून बोलावलं आणि ऐन वेळी फ्रेम सुटते, म्हणजे काय? पाहुण्यांतला एक लाकडाचा व्यापारी होता, त्याने बोटाने कोपरा चाचपला, भुवया उंचावल्या आणि फ्रेम हळूच भिंतीला टेकवून ठेवली. बाळाराम खाली मान घालून ऐकत राहिला. ज्याला स्वतःच्या कोपऱ्यांचा एवढा अभिमान, त्याने हे कसं गिळलं असेल ते त्यालाच ठाऊक.

मग त्याने रिकाम्या भिंतीवर दुसरी फ्रेम चढवली. चार फुटांच्या चौकटीत लूमवरचं कोरं, न धुतलेलं कापड ताणून बसवलेलं आणि बरोबर मध्यभागी तो पोस्टकार्डाएवढा फोटो. एवढी मोठी भिंत एवढ्याशा फोटोने भरणार कशी, हा कोणालाही प्रश्न पडावा. पण आजूबाजूला एवढी मोकळी जागा सोडल्यावर नजर दुसरीकडे जातच नव्हती. बघायचं तर उठून जवळच जावं लागत होतं.

"पाव्हण्यांसमोर चिखलातली मानसं?" शेठ कुरकुरले.

"दोन दिवस राहू द्या. नाही पटलं तर मी स्वतः येऊन काढतो."

त्या संध्याकाळी तो आक्कांना सांगून आला, की रघू मुकादम खाली उतरले. वास्तुशांतीच्या सकाळी आक्का नवं लुगडं नेसून, विनिताचा हात धरून, हळूहळू बंगल्यात आल्या. फरशीवर पाय काही सरकला नाही. थेट फोटोजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बाळाराम दाराशी तोरण सरळ करत होता, त्याचा हात तिथेच थांबला.

शेठची धाकटी मुलगी धावत आली. "पप्पा, यात आजोबा कुठले?"

शेठनी कौतुकाने वाकून उंच माणसावर बोट ठेवलं. "ह्ये बघ. ह्ये तुजं आजोबा."

आक्का इतके दिवस स्वतःपुरतं सोसत आल्या होत्या. नातीला चुकीचं सांगितलेलं मात्र त्यांना सोसवलं नाही. त्यांनी मुलाचं मनगट धरलं आणि त्याचं बोट काचेवरून बाजूला नेलं. महादूकाकांवरून पुढे, कडेच्या बुटक्या माणसावर.

"ह्यो," त्या म्हणाल्या.

शेठनी आईकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या बाळारामकडे पाहिलं. बाळारामने नजर खाली वळवली. सांध्याचं खरं काय ते शेठना तेव्हाच कळलं असावं. ते पुन्हा फोटोकडे वळले आणि नाक काचेला लागेल इतके वाकले. भटजी देवघरातून हाक मारत होते, कोणी लक्ष दिलं नाही.

"आक्का," ते म्हणाले. "बुटका होता गं माजा बापूस."

"तुज्याएवढा होता," आक्का म्हणाल्या.