जुनं करण्याची मजुरी

आरशाचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. कारखान्याचा भोंगा सहाचा, चालत जायला पंचवीस मिनिटं. म्हणजे मधला तासभर त्याचा स्वतःचा. नळाच्या तोट्या आणि दाराच्या मुठी बनवणाऱ्या कारखान्यात तो बफवर होता. फिरत्या कापडी चाकावर पितळ धरायचं आणि चेहरा दिसेपर्यंत सोडायचं नाही, हे काम सव्वीस वर्षं. त्याने घासलेल्या मुठीत बघून मुकादम मिशी विंचरायचा, म्हणून नाव पडलं आरसा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

पहाटेचा तो तास गिटारीचा. तरुणपणी तो दुसऱ्याच्या गिटारीवर वाजवायला शिकला होता. स्वतःची विजेवरची गिटार घ्यायची ऐपत काही आली नाही, म्हणून तुकड्यातुकड्याने जमवायला घेतली. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या मागे मोडक्या गिटारींच्या भागांचे खोके असायचे. रविवारी तिथे उकिडवं बसून तो निवड करायचा. पहिल्या वर्षी बॉडी मिळाली. पुढच्या वर्षी दांडी. खुंट्या दोन वेगळ्या गिटारींच्या. तारांखालचं पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवणारं चुंबक, मेलेलं होतं म्हणून स्वस्तात आलं. आतली केसाएवढी वायर कुठे तुटली हे भिंगाने शोधायला तीन पहाटा गेल्या. डाग देऊन ती जोडायला अर्धं मिनिट.

बायको पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर होती. एकवीस वर्षं त्या धडाक्यात बसून तिचे कान गेले होते. ती बोलायची ते तीन घरांना ऐकू जायचं.

"अहो," चहा गाळता गाळता ती ओरडायची, "सवत आणलीत तर आणलीत, पण तिचे हात एका खोक्यातून, पाय दुसऱ्या खोक्यातून, ही काय तऱ्हा?"

"हळू बोल. लोक झोपलेत."

"काय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? ओठ हलले तुमचे!"

दांडी बॉडीच्या खाचेत बसेना. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. घाईचा माणूस दांडीच तासून मोकळा झाला असता. आरशाने दांडीला खडू लावला, खाचेत दाबली, खडू जिथे उमटला तेवढंच लाकूड खरवडलं, पुन्हा दाबली. असं एकेचाळीस वेळा. शेवटी दांडी स्क्रूशिवाय अडकून राहिली. स्क्रूची जुनी भोकं जुळत नव्हती. ती लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली आणि नवी पाडली.

मग दांडीची सफाई. वरचं लॅकर पिवळं पडून तडकलेलं, कुणाच्या तरी हाताने काळं झालेलं. बुडाशी पेन्सिलीने तारीख आणि दोन अक्षरं लिहिलेली. आरशाच्या हिशेबी तो सगळा मळ. आधी जाड पॉलिश पेपर, मग मधला, मग बारीक, अकरा आठवडे. त्यावर लॅकरचे सात हात, प्रत्येक हात सुकल्यावर घासलेला. लोखंडी भागांचा गंज काढून कारखान्यातल्या मुलामावाल्याकडून निकेल चढवून घेतलं आणि स्वतः बफ मारला. चार वर्षांनी गिटार तयार झाली तेव्हा ती कालच जन्मली असं वाटत होतं. तो ती स्पीकरशिवायच वाजवायचा. बायकोला नुसती त्याची बोटं दिसायची.

त्याच साली प्रेसवर ते घडलं. साचा खाली येण्याआधीची घंटा वाजली, तिला ऐकू आली नाही. शेजारणीने दंड धरून ओढलं म्हणून हात शाबूत राहिला. तिच्या मुकादमाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "महिन्याभरात कानाचं यंत्र लावून या, बाई. नाहीतर झाडूवर घालीन." झाडूला पगार अर्धा. यंत्राची किंमत आरशाच्या सव्वा पगाराएवढी. घरात विकण्याजोगी वस्तू एकच होती.

तो गिटार घेऊन त्याच दुकानात गेला. दुकानदाराने दांडीवरून अंगठा फिरवला, तोंडाने "वा" म्हटलं, स्क्रू काढून बुडाशी पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"इथे पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं?"

"होतं. तारीख आणि दोन अक्षरं. घासून काढलं."

"घासून काढलं!" दुकानदार स्टुलावर बसला. "आणि ही दांडी माझ्याच खोक्यातली?"

"तुमच्याच, शेठ."

"म्हणजे मी गाढव. पण तू महागाढव, आरशा. जुन्या अस्सल गिटारीची दांडी ती. ती तारीख आणि तो मळ राहिला असता तर एकट्या दांडीत तुझं यंत्र आलं असतं, वर उरलं असतं."

"मळाचे पैसे?"

"मळाचेच. आता ही नव्यासारखी दिसते. नव्या दांड्या मला पोत्याने मिळतात."

त्याने दिले ते अर्ध्या पगाराएवढे. आरसा निघाला तेव्हा त्याने मागून हाक मारली. "काम करतोस? माझ्याकडे नव्या गिटारी येतात. कोवळ्या पोरांना त्या म्हाताऱ्या हव्या असतात, आणि खरी म्हातारी परवडत नाही. तू त्या जुन्या करून दे. फसवाफसवी नाही, मुद्दाम जुनी केलेली म्हणून पाटी लावून विकतो. वस्तू कुठे झिजते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? जन्मभर तेच पुसत आलास."

आरशाने घरी सांगितलं, दोनदा, मोठ्याने.

"धुवायचे पैसे कमी आणि मळवायचे जास्त?" बायको म्हणाली. "घ्या की! मी तर फुकटात मळवून देते." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "महिन्यातले नऊ दिवस गेलेत, अहो."

पाळी सुटली की तो दुकानाच्या मागच्या खोलीत जायचा. पहिल्या दिवशी हात उठेना. नव्याकोऱ्या बॉडीवर किल्ल्यांचा जुडगा आपटायचा. कोपर टेकतं तिथलं लॅकर लाकूड दिसेपर्यंत उडवायचं. पाठीमागे पट्ट्याचं बक्कल घासतं तिथे ओरखडे काढायचे. निकेलचे भाग आम्लाच्या बरणीवर झाकून ठेवायचे, वाफेने सकाळपर्यंत काळवंडतात. आधीचा कारागीर सगळीकडे सारखे ओरखडे काढायचा, म्हणून त्याचं काम खोटं दिसायचं. हात पोचत नाही तिथे झीज होत नाही, हे आरशाला सांगावं लागलं नाही. काम करायचं तर नीट करायचं, दुसरी रीत त्याला येत नव्हती. त्याच्या गिटारी दिवसात विकल्या जाऊ लागल्या. बफवर तासाला मिळायचं त्याच्या दीडपट इथे मिळत होतं. तो हिशेब त्याने एकदाच केला, पुन्हा केला नाही.

मुदतीच्या चोविसाव्या दिवशी दुकानदाराने भिंतीवरची एक गिटार काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याचीच.

"हिलाही कर. अशी कुणी विचारत नाही हिला."

"दुसरं काही द्या, शेठ."

"दुसरं काही नाही. आणि तुला शेवटचे पैसे हवेत ना?"

दोन संध्याकाळी लागल्या. सात हात लॅकर उडवायला वेळ लागतो. चांगलं बसलेलं होतं. दांडीच्या पाठीवर कुणाचा तरी अंगठा वीस वर्षं फिरलाय असं त्याने दाखवलं. निकेल काळं केलं. बुडाशी तारीख मात्र लिहिली नाही. दुकानदाराने आग्रह केला, तेव्हा म्हणाला, "ते खोटं होईल." मजुरी पुरी घेतली. तीन दिवसांत गिटार विकली गेली, आरशाने दिली त्याच्या सहापट किमतीला.

यंत्र मुदतीच्या आदल्या दिवशी आलं. मुकादमाने बायकोच्या कानात वाकून पाहिलं, वहीत खूण केली आणि तिला प्रेसवर बसवलं. प्रेस चालू झाला तसा तिच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखा आवाज घुसला. दिवसभर तिने दात आवळून सोसलं. दुसऱ्या दिवशी तासाभरात यंत्राचं बटण बंद केलं. घंटा वाजली की शेजारीण गुडघ्याने ढोसते, तेवढ्यावर काम चालतं. यंत्र कानात दिसलं की मुकादमाचं भागतं. चालू आहे का, हे त्याने कधी विचारलं नाही.

"घरी तरी लावत जा," आरसा म्हणाला.

"सेल महाग आहेत," ती म्हणाली. "आणि घरी ऐकायचं काय आता?"

तेव्हापासून ते यंत्र आठ तास प्रेससमोर तिच्या कानात बंद असतं, आणि बाकीचे सोळा तास डबीत.