डाव्या हाताचं नाव

"चौथं मशीन. करंगळी. परत."

बाई हे वर्गाकडे पाठ करून म्हणायच्या. त्या खिडकीतून खाली पंचवटीचा भाजीबाजार बघत उभ्या असायच्या, मागं बारा टाईपरायटर एकदम खडखडत असायचे, आणि त्या गदारोळात कोणाचं कुठलं बोट चुकलं ते बाईंना नुसत्या आवाजावरून कळायचं. मग लाकडी पट्टीचे टेबलावर दोन ठोके. टक, टक. म्हणजे कागद काढा आणि पहिल्यापासून परत. चौथं मशीन माझं होतं. माझी डावी करंगळी आजही कच्चीच आहे.

टायपिंगच्या क्लासला गेला असाल तर अशा एखाद्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील. क्लास नवराबायकोचा होता. सर शांत. नवा विद्यार्थी आला की सर त्याच्या मागं बसायचे, त्याच्या हातांवर आपले हात ठेवायचे आणि एकेक बोट त्याच्या घरी नेऊन पोचवायचे. ओरडण्याचं खातं बाईंकडे. बाईंचे कायदे दोनच होते. बोट जिथं जातं तिथंच अक्षर असतं, आणि अंगठा फक्त स्पेसला. मोबाईल आल्यावर लोक अंगठ्यानं टाईप करायला लागले, तेव्हा बाईंना फार वाईट वाटलं होतं. कोणीतरी घरात चपला घालून फिरावं तसं त्यांचं तोंड व्हायचं.

सरांना त्या आमच्यासमोर 'सर' म्हणायच्या आणि आतल्या खोलीत 'अहो'. दारावरच्या पाटीवरही नुसतं आडनावच होतं.

पुढं मशीनं भंगारात गेली आणि क्लास बंद झाला. मी कॉलेज रोडला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. हल्ली माझ्याकडे गेम खेळणारी कॉलेजची पोरं जास्त येतात, म्हणून कीबोर्डांची एक भिंतच लावली आहे. सरांचे डोळे साखरेनं गेल्याचं मधे कानावर आलं होतं. जाऊन यायला हवं, असं मी चारदा म्हणालो आणि गेलो नाही. हे सांगायला लाज वाटते.

गेल्या वर्षी एका सकाळी बाई दुकानात आल्या. गळ्याला सुती रुमाल बांधलेला. मी पाया पडलो, म्हणालो, "बाई, बसा, चहा सांगतो." त्या बोलल्या नाहीत. रुमाल जरासा खाली केला. गळ्यात भोक होतं. घशाचा कॅन्सर, स्वरयंत्र काढलेलं.  ज्या आवाजानं आम्ही बारा जण एका वेळी दचकायचो, तो आता या जगात नव्हता.

बाईंनी मात्र समोरच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. मी मराठी टाईपरायटरचा लेआउट लावून दिला. त्यांनी मनगटं उचलली, आणि पडद्याकडे न बघता लिहिलं, "गेम खेळतात तो कीबोर्ड दाखव. छोटा. आवाज करणारा."

मी विचारलं, "कोणासाठी, बाई?"

"मला. सरांशी बोलायचं आहे."

 यांना बोलता येत नाही, त्यांना दिसत नाही. दोन खोल्यांचं घर, मूलबाळ नाही, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाईंचा एकही शब्द सरांपर्यंत पोचत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण बाईंनी काहीही टाईप केलं तरी आंधळा माणूस ते वाचणार कसं? लिहिलेलं बोलून दाखवणारं ॲप मी त्यांना फोनवर ऐकवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, "ही कोण? घरात दुसरी बाई नको."

मग पिशवीतून सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या. भिंतीवरचा एकेक कीबोर्ड घेऊन त्या ती सुतळी लावायला लागल्या. आकड्यांची कळपट्टी असलेले सगळे बाद. नुसती ती पट्टी काढलेलेही चार बोटं जास्त भरले. गाठींच्या आत दोनच बसले. एक सगळ्यात छोटा, पोरं ज्याला सिक्स्टी म्हणतात तो. दुसरा त्याहून बोटभर मोठा, वरची एक ओळ जास्तीची असलेला.

छोट्याच्या कळांखाली निळे स्विच होते, कळ दाबली की टिक वाजणारे. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी एक शब्द लिहिला. पडद्यावर उमटलं, 'अमत'. परत लिहिला. परत 'अमत'. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्या टाईपरायटरच्या लेआउटमध्ये ऋकार डावीकडे वरच्या कोपऱ्यातल्या कळीवर असतो, आणि या छोट्या कीबोर्डांत त्या जागी एस्केपची कळ बसवतात. मी म्हणालो, "बाई, त्याला युक्ती आहे. उजव्या हातानं ही फंक्शनची कळ धरून ठेवायची, मग ऋकार येतो."

बाईंनी लिहिलं, "नको. हे डाव्या हाताचं काम आहे."

दुसऱ्यावर ऋकार बरोबर उमटला. 'अमृत'. पण त्यात लाल स्विच होते, गुळगुळीत, मुके. बाईंनी मान हलवली. शेवटी मी छोट्यातले निळे स्विच चिमट्यानं एकेक उपटून मोठ्यात बसवायला घेतले. बाई समोर बसून ऐकत होत्या. सगळे बसवून झाल्यावर त्यांनी एकदा सर्व कळांवरून बोटं फिरवली, एका कळीपाशी थांबल्या, आणि बोटाच्या पेरानं काउंटरवर दोन ठोके दिले. टक, टक. तो स्विच खरंच वाकडा बसला होता.

"घरी येऊन जोडून देऊ का?" मी विचारलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

तरी न राहवून पंधरा दिवसांनी मी गेलो. कुंभाच्या तयारीत गल्ली खणून ठेवली होती, गाडी लांब लावून चालत गेलो. जिन्यातच टिकटिक ऐकू आली. दार उघडंच होतं. सर हाताच्या खुर्चीत बसलेले, त्यांच्या दोन गुडघ्यांच्या मधे स्टुलावर सरांकडे पाठ करून बाई, बाईंच्या मांडीवर तो कीबोर्ड. बाईंच्या हातांवर सरांचे हात. बाई टाईप करत होत्या आणि सर एकेक बोट वाचत होते, अगदी आम्हाला शिकवायचे त्या पद्धतीनं. सर मधेच खो खो हसले. मी उंबऱ्यातच थांबलो. सुतळी सरांच्या त्या दोन गुडघ्यांमधल्या अंतराची होती.

"कोण रे?" सरांनी विचारलं. मी नाव सांगितलं. बाईंची बोटं चालली. सर म्हणाले, "ती विचारतीये, करंगळी सुधारली का?"

"नाही, सर."

"आधी तळहातावर लिहून पाहिलं तिनं," सर म्हणाले. "पण तिचं अक्षर तळहातावरसुद्धा वाईट. कालची मेथी जून होती हे कळायला मला अर्धा तास लागला."

बोलता बोलता माझी नजर खाली गेली. कीबोर्डची वायर गुंडाळलेली होती. तिला मी घातलेलं रबरही तसंच होतं. कीबोर्ड कशालाच जोडलेला नव्हता. घरात कॉम्प्युटरच नव्हता. 

"मग बाई, तो छोटासुद्धा चालला असता की," मी म्हणालो. "पडदाच नाही, तर अक्षर उमटलं काय आणि नाही काय."

बाईंनी टाईप केलं. सर जरासे लाजून म्हणाले, "म्हणतीये, त्याच्यावर तुमचं नाव येत नव्हतं. चुकीच्या नावानं हाक कशी मारू?"

अमृत. सरांचं नाव. त्या दिवशी मला वाटलं होतं, बाई अवघड अक्षरं तपासतायत.

"लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल, तेवढंच," सर म्हणाले. "आता दिवसातून वीसदा घेते."

बाईंची बोटं खटाखट चालली. सर हसून म्हणाले, "तोंडानं घ्यायचं नसतं म्हणे. हातानं चालतं."

मी मनात ते नाव टाईप करून पाहिलं. तर्जनी, मधलं, करंगळी, परत तर्जनी. अख्खं नाव डाव्या हातात बसतं.

यंदा उन्हाळ्यात दिंडोरीला एका वायनरीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर बसवत होतो, तेव्हा सरांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. बाई गेल्या. मी म्हणालो, "कसं शक्य आहे, महिन्यापूर्वी तपासणीत सगळं चांगलं होतं." कॅन्सरचा काही संबंध नव्हता. हृदयाचा झटका आला होता.

तेराव्यानंतर मी सरांकडे गेलो. कीबोर्ड त्यांच्या मांडीवर होता. समोर स्टूल रिकामं.

"इथंच बसली होती," सर म्हणाले. "माझं नाव घेतलं, आणि मग बोटं थांबली. मला वाटलं, विचार करतीये. मी हात ठेवून वाट बघत राहिलो रे. बराच वेळ."

कीबोर्डच्या वायरीला माझं रबर अजून तसंच होतं. 

"जरा बस इथं," सर म्हणाले. "नाव टाईप कर."

मी स्टुलावर बसलो, कीबोर्ड मांडीवर घेतला. सरांचे गार हात माझ्या हातांवर आले. तर्जनी गेली, मधलं गेलं, आणि ऋकाराला जाताना माझं बोट शेजारच्या कळीवर पडलं.

"करंगळी," सर म्हणाले. "परत."

मी परत टाईप केलं. या वेळी चारही कळा जागच्या जागी वाजल्या. सरांनी हात काढले नाहीत. ते तसेच, माझ्या बोटांवर, पुढच्या अक्षराची वाट बघत राहिले.

"पुढं?" सरांनी विचारलं.

"मला नाही माहीत, सर."

सरांनी माझी बोटं मूळ जागी आणली. मग म्हणाले, "बरं. मग परत."

मी परत त्यांचं नाव टाईप केलं.