काकांनी काढलेली कॉपी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये एक काकू घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्याकडे लाटायला एक पंजाबी बाई यायची. तापाने फणफणलेल्या मुलीला कडेवर घेऊन, सीमेवरचा नाका टाळून, ती मेक्सिकोकडून या देशात शिरली होती. इथे आश्रय मागितला तर सरकारचा नियम आडवा आला: बेकायदा सीमा ओलांडली, म्हणजे आश्रयाला अपात्र. अपवाद मोजके. त्यातला एक, त्या वेळी जिवावर बेतलेलं आजारपण. हा नियम करणाऱ्यांनी असं पोर घेऊन नाक्यावर नंबर लावून बघावा, असं मी आमच्या स्थलांतरितांसाठीच्या संघटनेच्या पत्रकात लिहिलं होतं. आजही तेच म्हणते.

बाईकडे पुरावा एकच. सीमेच्या अलीकडच्या गावातल्या इस्पितळाचा कागद, मुलीला त्याच दिवशी ॲडमिट केल्याचा. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून तिने तो काकूंच्या नवऱ्याला दाखवला, आणि त्यांनी त्याची कॉपी काढून ठेवली. हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

हे काका सांता क्लाराला नोकरी करतात आणि बारा वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघतायत. कुठल्याही गेट-टुगेदरला त्यांचं एकच पालुपद: आम्ही लाइनीत उभे, आणि हे लोक कुंपणावरून. जिला हाकलायला निघालेत, तिच्या कागदाची कॉपी यांना कशाला हवी? कुणाला पाठवायची होती?

मी तडक त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला, तो घेतला नाही. तोंडावर विचारलं. काका म्हणाले, सवय आहे. पे स्लिप असो, बोर्डिंग पास असो, कागद दिसला की कॉपी काढतो. व्हिसावर जगणाऱ्याला काहीच टाकता येत नाही. मला ते पटलं नाही. माझ्यासमोर फाडा म्हटलं. त्यांनी कॉपी श्रेडरमध्ये घातली.

"तुमच्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार असतात गं," एवढंच म्हणाले.

मी खालचा डबासुद्धा तपासला. मूळ कागद बाईकडून मागून घेतला. आमच्या ऑफिसात सेफ राहील, असं तिला सांगितलं.

अर्जाची मुदत चार दिवसांवर आली तेव्हा तिच्या वकीलबाईंनी कागद मागितला. फाइलमध्ये नव्हता. सगळे खोके उपसले, नुसती पत्रकं निघाली. मी एकेका व्हॉलंटियरवर संशय घेतला. एकीला तर तू कुणासाठी काम करतेस असंही विचारलं. ती परत आली नाही. फाइलमध्ये तो मी स्वतः लावला होता का, हे मात्र मला आजही आठवत नाही. इस्पितळाकडून दुसरी प्रत यायला काही आठवडे लागले असते.

बाईला सांगायला काकूंच्या स्वयंपाकघरातच जावं लागलं. तिने लाटणं थांबवलं नाही. काकांची कॉपी आहे ना, असं विचारलं. ती मीच फाडायला लावली, हे मला सांगावं लागलं. मग ती थांबली, आणि तिने वर काकांना हाक मारून तो कागद मागितला.

काका खाली आले ते एक प्रिंट घेऊनच.

"तू एक फाडायला सांगितलीस, एक फाडली. किती आहेत ते कुठे विचारलंस?"

हायसं वाटायला हवं होतं. पण मला आधी सुचलं ते हे, की हा माणूस माझ्याशी खोटं वागला, आणि वर त्याच्या कॉम्प्युटरवर अजून काय काय असेल. तरी मी प्रिंटसाठी हात पुढे केला. बाईने पिठाचे हात ओढणीला पुसले आणि कागद स्वतः घेतला. वकिलाला मीच देईन म्हणाली, तू फक्त गाडी चालव. मग काकांकडे वळून, कॉम्प्युटरवर माझं आणि मुलीचं जे जे आहे ते आत्ता दाखवा, म्हणाली.

काका बरं म्हणाले. दोघं वर गेले. मला कुणी बोलावलं नाही.