खाचरातला तेजोमेघ

तो फ्लेक्स आठवला की अजून डोकं फिरतं. आमच्या भातखाचराच्या बांधावर, दोन लोखंडी खांबांवर, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा भलामोठा फोटो. खाली अक्षरं: 'बाल्कनीतून ब्रह्मांड'. कसलं डोंबलाचं ब्रह्मांड! अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेला फोटो तो. तिला दिसतो तो उष्णतेचा प्रकाश, आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. रंग मागाहून माणसांनी दिलेले. आणि पावसाळ्यात मुळशीत ढगांखेरीज आकाश असतं कुठे? बंगले घेणाऱ्यांना हे कोण सांगणार? मी सांगू शकत होतो. शाळेत विज्ञान मीच शिकवतो. पण "सर, स्पेसचं काहीतरी भारी द्या ना," असं बिल्डरचा माणूस म्हणाला, तेव्हा तो फोटो मीच पाठवला होता.

कारण खाचरही मीच विकलं होतं. सातबाऱ्यावर नाव माझं, सही माझी. वडलांना, म्हणजे तात्यांना, सांगितलं नव्हतं.

तात्या राबाच्या तयारीला लागले होते. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या जागेवर झाडाच्या फांद्या, शेण, पालापाचोळा रचायचा, वर माती पसरून भाजायचं. त्यांनी फांद्यांचे भारे एकट्याने आणून लावले होते. फ्लेक्सकडे बघत म्हणाले,

"ह्ये काय हाय रं?"

"धुळीचे ढग आहेत, तात्या. आत तारे जन्मतात. साध्या दुर्बिणीला नुसती धूळ दिसते. हिला ऊब कळते, म्हणून आतली पिल्लं दिसतात. आकाशातला तरवाच म्हणा ना."

"आन् तितं राब कोन भाजतं?" तात्या खुशीत हसले.

मला तेवढंच हवं होतं. मी बोलत सुटलो. हा उजेड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी तिथून निघालाय, म्हणालो.

"आसंल. पर आपल्या खाचरात कशापायी लावलाय?"

"जाहिरात आहे. काढतील."

हजार वर्षांमागचं घडाघडा सांगितलं. गेल्या महिन्यातलं तोंडातून निघेना. लाज वाटायला हवी होती. उलट त्यांचाच राग आला, कशाला विचारतात म्हणून!

त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं. "चल, माती वड. वारा पडलाय तवर पेटवू."

मी घमेलं खाली ठेवलं. "तात्या, खाचर आपलं राहिलं नाही. मी विकलं."

ते फ्लेक्सकडेच बघत राहिले. "आन् मला ढगातली पिल्लं दावत व्हतास व्हय?"

मग वाकले आणि रचलेले भारे उपसायला लागले.

"राहू द्या, तात्या. यंदा भाजू देतील. मी बोललोय त्यांच्याशी."

"लोकाच्या रानात राब भाजू? मी काय चोर हाय?"

बांधावरून शेजारचे काका चालले होते. "काय तात्या, राब उलटा चालला?"

"व्हय. का ते मास्तरला इचार. लई झ्याक समजावतो."

"सांगा की मास्तर!"

तात्यांनी उपसलेला एक भारा मी डोक्यावर घेतला होता, वाळका पाला सदऱ्यात शिरत होता. काकांना वाटलं, मी नेहमीसारखं ताऱ्यांचंच काही सांगणार. ते ऐकायला थांबलेसुद्धा.

"खाचर विकलं मी," म्हणालो. "तात्यांना न विचारता."

"मोठ्यानं बोल," तात्या म्हणाले. "त्याला कमी ऐकू येतं."