गोंदणाचा क्लेम

“गोंदण? डॉक्टर, तुम्ही गोंदणाला मंजुरी मागताय?”

अकोल्याच्या ऑफिसात साठे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम त्यांच्याकडे. मी वाशीमचा सर्जन. गोष्ट सत्तरच्या दशकातली, तेव्हा मी तरुण, अंगात रग भरपूर.

“ट्रीटमेंटचाच भाग आहे,” मी म्हटलं.

“हा शृंगार झाला. पॉलिसीत बसत नाही.”

माझी पेशंट कौशल्याबाई शेलूबाजारची, जिनिंगमध्ये कामाला. जिनिंग म्हणजे सरकीपासून कापूस वेगळा करायचा कारखाना. तिथं कापसानं पेट घेतला आणि बाईचा डावा हात भाजला. कामगारांचा विमा कारखान्यानं उतरवला होता. मी जळालेली कातडी काढून मांडीची पातळ कातडी हातावर बसवली. याला आम्ही स्किन ग्राफ्ट म्हणतो. ग्राफ्ट असा झकास धरला की मी येईल-जाईल त्याला तो हात दाखवत सुटलो.

बाई मात्र हात पदराखाली ठेवायची. ग्राफ्टनंतर बोटांचा व्यायाम केला नाही तर बोटं आखडतात, आणि तिची आखडायला लागली होती. तशा बोटांनी कारखाना तिला परत घेणार नव्हता.

“काहून लपवता हात?” एकदा मी चिडूनच विचारलं.

“हा हात माहा नाई वाटत मले,” ती म्हणाली. “इथं मैना होती. माही बहीण. पोहरादेवीच्या जत्रेत आमी एकमेकीचं नाव गोंदून घेतलं होतं. थे गेली, नाव राह्यलं होतं. थेबी तुमी कापून टाकलं.”

मला लाज वाटली. कातडी काढताना त्यावर काही गोंदलंय, इकडे माझं लक्षच नव्हतं.

“परत गोंदून दिलं तर व्यायाम कराल?”

“रोज करीन.”

नवी कातडी पक्की व्हायला काही महिने गेले. गोंदणाला खर्च तो काय! पण ते ट्रीटमेंट म्हणून कागदावर आलं तरच बाईची रजा चालू राहणार होती. म्हणून ही अकोल्याची वारी.

“आणि तुमचा ऑपरेशनचा क्लेमसुद्धा अडलाय,” साठे म्हणाले. “फॉर्मवर ओळखीची खूण आहे, डाव्या हातावर गोंदण. आमचा माणूस बघून आला. गोंदण नाही. बाई तीच कशावरून?”

“साहेब, खूण मीच कापली!”

“असेल. पण आम्हाला खूण पाहिजे.”

“मग परत करू द्या ना! खूण पाहिजे आणि गोंदायचंही नाही, हे कसं जमायचं?”

साठ्यांनी फॉर्म पाहिला, मला पाहिलं आणि चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, “अर्ज बदला. लिहा, ओळखीच्या खुणेची दुरुस्ती.”

आठवड्याभरात गोंदणारी वच्छलाबाई माझ्या दवाखान्यात आली. मी सुया उकळायला टाकल्या.

“कायले उकळता? माह्या आजीनं कधी नाई उकळल्या.”

“माझ्या दवाखान्यात उकळतात.”

ती कुरकुरली आणि कामाला लागली. गोंदताना दुखू नये म्हणून या बाया गाणं म्हणतात, तसं तिनंही धरलं. कौशल्याबाई मात्र गप्प. ग्राफ्टला संवेदना उशिरा येते, कधी येतच नाही. मी कापूस फिरवून तपासलं होतं आणि कागदावर ‘संवेदना नाही’ असं लिहूनही टाकलं होतं.

“दुखून नाई राह्यलं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “लहानपणी किती बोंबलली होती मी!”

शेवटच्या अक्षराला सुई नव्या कातडीच्या कडेशी, जुन्या कातडीजवळ गेली.

“आई गं!”

मी पुढे झालो, तर तिनं डाव्या हातानं माझी बाही धरली. चांगली घट्ट. आखडलेली बोटं मिटली होती.

“दुखलं, डॉक्टर! माहाच हाय हात!”

दोन्ही क्लेम पास झाले. तीन महिन्यांनी बाई कामावर गेली. मी तेव्हापासून चाकू हातात घ्यायच्या आधी पेशंटच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचतो.