एकच केशरी ठिपका

कागेहाच्या चुलीचा धूर दिसला नाही की त्रुफेनाच्या हातून चहासुद्धा धड होत नसे. गेले काही दिवस तिची सकाळ अशीच उजाडत होती. दार उघडायचं आणि आधी कुंपणापलीकडे बघायचं. धूर उशिरा निघायचा, कधी निघायचाच नाही. बाई काही शिजवते की नाही? की नुसती बसून राहते? बसून राहिली तरी चालेल, पण उठून कुठे निघून गेली म्हणजे?

त्रुफेना पूर्वी गावच्या शाळेत शिकवायची. तिची एकुलती एक मुलगी जेस्का नैरोबीला होती, झाडं आणि शेती यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत. ही जेस्का लहान असताना त्रुफेना शाळेत जायची, तेव्हा तिला पाठीला बांधून दिवसभर हिंडायची ती शेजारची कागेहा. निंदणी करताना, पाणी भरताना, खडकामागच्या वाटेने बाजाराला जाताना पाठीवर जेस्का असायचीच. कागेहाला स्वतःला मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी रडली नाही, निदान कुणासमोर तरी. "मूल नाही तर नाही," म्हणायची, "पाठ तर कोरडी नाही ना राहिली!"

मूल नाही म्हणून तिने झाडं लावली. हे मात्र कुणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या या मारागोली मुलखात बाईने झाड लावायचं नसतं. बाईने झाड लावलं तर नवरा मरतो, असं मानतात. शेवरी चालते, कारण शेवरीला कुणी झाडात धरत नाही. ती सरपणाची आणि जमिनीला बळ देणारी. पण सिल्व्हर ओक म्हणजे झाड. झाड म्हणजे जमिनीवर हक्क, आणि हक्क पुरुषाचा.

कागेहाचा नवरा एनोस मोम्बासाच्या बंदरावर हमाली करायचा आणि नाताळाला घरी यायचा. रताळ्याच्या वेलांखाली झाकलेल्या डब्यांत कागेहा रोपं वाढवायची, पावसाला सुरुवात झाली की बांधावर लावून टाकायची. नाताळात एनोस आला की कुदळ घेऊन भर दुपारी, लोकांच्या डोळ्यांदेखत, एकेका रोपाची माती हलवायचा. "बघ, माझे हात किती लांब आहेत," तो बायकोला हळूच म्हणायचा, "मोम्बासात बसून इथे झाडं लावतात." गावात निम्म्या घरी असंच चालायचं. बाया लावत, नवरे माती हलवत, आणि सगळे गप्प बसत.

एनोस गेल्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. त्याच्या आधीच्या हंगामात जेस्का गावात आली होती, संस्थेसाठी माहिती गोळा करायला. घरोघरी जाऊन विचारायची: झाडं कोणती, कुणी लावली, त्यांचं काय करता, पाऊस लांबला तर घर कशावर चालतं. प्रत्येक घरी एक कागद द्यायची. त्यावर लिहिलं होतं की तुमचं नाव कुठेही येणार नाही, आणि काही तक्रार असेल तर या नंबरावर फोन करा.

"झाडं कुणी लावली?" तिने कागेहाला विचारलं.

"तुला काय सांगू? तुझ्या कागदाला, की तुला?"

"मला सांग ना, मावशी. नाव नाही येत कुठे."

आणि कागेहाने सांगितलं. खरं तर त्यात तिला थोडा गर्वच होता. इतक्या वर्षांत कुणी तिला हा प्रश्न विचारलाच नव्हता. बांधावर नेऊन एकेका झाडाला हात लावून तिने जेस्काला सगळं दाखवलं.

मग संस्थेची माणसं परत आली, ज्यांनी माहिती दिली त्यांना निष्कर्ष सांगायला. फ्रेंड्स चर्चच्या सभागृहात भिंतभर नकाशा लावला. एकेक घर म्हणजे एकेक ठिपका. पुरुषाने झाडं लावली तिथे हिरवा, बाईने लावली तिथे केशरी. नकाशाच्या तळाला तोच तक्रारीचा नंबर. "नाव कुणाचंच नाही," समजावणारा तरुण हसून म्हणाला, "फक्त ठिपके."

आमुगुने उठला. एनोसचा धाकटा भाऊ. नकाशाजवळ जाऊन बोट फिरवायला लागला. "हा मोठा खडक. ही चर्चची वाट. हे टीचरचं घर, हिरवं. बरोबर ना, टीचर? तुमच्या मालकांनीच लावलीत, आम्ही बघितलंय." मग बोट थांबलं. "आणि हे टीचरच्या शेजारचं केशरी कुणाचं बरं?"

कुणीतरी हसलं. सगळ्या नकाशावर आपल्या गावात केशरी ठिपका तेवढा एकच होता.

"माझ्या भावाला कुणी खाल्लं हे आम्ही वर्षभर शोधतोय," आमुगुने म्हणाला. "शिकलेल्या लोकांनी दाखवून दिलं. आभारी आहे."

कागेहाने आजूबाजूला बसलेल्या बायांकडे पाहिलं. तिच्याबरोबर रोपं वाटून घेतलेल्या, तिच्या डब्यांतली रोपं नेलेल्या. त्या सगळ्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आमुगुनेने कोयत्याने प्रत्येक सिल्व्हर ओकची साल एका जागी सोलून ठेवली. कापायच्या झाडांची खूण. शनिवारी भाऊबंद आणि गावचा लिगुरू, म्हणजे मुखिया, हे ठरवायला बसणार होते: ज्या बाईने नवऱ्याला मारलं, तिला त्याच्या जमिनीवर ठेवायचं की नाही.

त्रुफेना कुंपणापाशी गेली. कागेहा सोललेल्या खोडाला शेण लिंपत होती.

"कागेहा, मला काहीतरी बोल गं."

"काय बोलू, जेस्काची आई? तुझी लेक माझ्या पाठीवर वाढली. किती वेळा पाठ ओली केली तिने. तेव्हाही आधी सांगितलं नाही, आताही नाही." ती हसली. त्या हसण्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर त्रुफेनाला सोपं गेलं असतं.

"तिला माहीत नसणार. वरच्यांनी केलं असेल."

"तू आई आहेस. तुला असंच वाटणार." कागेहाने हात पुसले. "मला एनोसपाशी, बांधालाच पुरतील असं वाटलं होतं. आता कुठे पुरतील कोण जाणे."

त्रुफेना खडकावर चढली. तिथे रेंज चांगली यायची. जेस्काने लगेच फोन उचलला.

"ममा! जेवलीस?"

"तो नकाशा इथे लावायच्या आधी तू पाहिला होतास का?"

"तपासायला माझ्याकडेच होता. ठिपके बरोबर जागी आहेत का, एवढंच बघायचं होतं."

"आणि होते?"

"होते."

"आपल्या गावात एकच केशरी आहे, हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ममा, ऐक ना. त्यावर बोलले असते तर विचारलं असतं, बाकी बाया काय लावतच नाहीत का? मग सगळ्यांनी खोटं सांगितलंय हे बाहेर आलं असतं. मी घेतलेल्या सगळ्या मुलाखती फुकट. लेख छापून येतोय, त्यात माझं नाव आहे. सोमवारी कॉन्ट्रॅक्टवर सही आहे."

"तुझं नाव आहे."

"ममा..."

"तिचं नाव येणार नाही म्हणालीस, आणि तुझं येणार."

पलीकडे रडणं सुरू झालं. लहानपणी असं रडायला लागली की ही पोर फक्त एकाच पाठीवर गप्प व्हायची.

"तुझ्या साहेबांना सांग," त्रुफेना म्हणाली. "शनिवारच्या आत इथे येऊन त्यांना भाऊबंदांसमोर सांगू दे, की हा नकाशा खरा नाही. केशरी खोटा नाही, हिरवे खोटे आहेत. यावरून कुणाला घराबाहेर काढता येणार नाही."

"सोमवारनंतर सांगते. नक्की सांगते. शपथ."

"बैठक शनिवारी आहे, जेस्का."

"मग मी काय करू? मला परत गावात येऊन शेवरी लावायला सांगतेस?"

त्रुफेनाने फोन ठेवला. खाली कागेहाच्या परसात आमुगुने एका माणसाला झाडं दाखवत होता. तो माणूस खोडाला मिठी घालून जाडी मापत होता. आरा मशीनवाला असणार. कागेहा दारात उभी होती, जणू ती त्या घरची पाहुणीच.

घरी येऊन त्रुफेनाने कॅलेंडरमागे खोचून ठेवलेला तो कागद काढला. तिलाही मिळाला होता. लेकीने हसत हसत दिला होता, आणि तिने अभिमानाने जपून ठेवला होता. तक्रारीचा नंबर तळाला होता. या गावातून त्यावर आजवर कुणी फोन केला नसेल. नाव विचारतील. मुलाखत कुणी घेतली होती, तेही विचारतील. ती सांगेल. जेस्का कदाचित तिच्याशी पुन्हा कधी बोलणारही नाही, नोकरी जाईल, शहरातली खोली जाईल, आणि शेवटी तिला याच घरी यावं लागेल. आली तर कुंपणापलीकडे कुणीतरी असायला हवं.

तिने चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिला आकडा दाबला.